संवत ४९० चा उतारा

ताम्रपट हा मुळात जमिनीचा कागद. पण इतिहासाच्या पुस्तकांत आधी राजे येतात, मग त्यांची बिरुदं, मग लढाया, आणि जमीन कुठंतरी तळटीपेत सापडते. मी नोकरीभर तलाठी होतो. (आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. काम तेच.) त्यामुळे माझं वाचन शेपटाकडून सुरू होतं. गाव कुठलं, कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेलं, वर्ष कुठलं, कर कुणी खायचा. राजा त्यानंतर.

नवसारीचा ताम्रपट असा वाचला तर उतारा चार ओळींचा होतो. गाव पद्रक. आहार कार्मणेय, म्हणजे तापीकाठचं, सुरतेजवळचं आजचं कामरेज. आहार हा तेव्हाचा तालुक्यासारखा विभाग. देणारा अवनिजनाश्रय पुलकेशी, घेणारा एक ब्राह्मण. वर्ष ४९०. एवढंच असतं, तर हा पत्रा महसुलाचा अभ्यास करणाऱ्या दोन-चार माणसांपलीकडे कुणी उघडला नसता. पण गाव देण्याआधी हा पुलकेशी आपण कोण ते सांगतो, आणि त्या सांगण्यात एक अख्खी लढाई येते. सिंधकडून निघालेली ताजिकांची, म्हणजे अरबांची फौज वाटेत सहा राज्यांची धूळधाण करून दक्षिणापथात शिरायला निघाली होती, आधी नवसारी घ्यायची म्हणून आली, आणि तिथं आपण तिला मोडलं, असं त्याचं म्हणणं.

मी राहतो नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या प्रकाशा या गावी. तिथल्या माणसाला हे वाचून नकाशा काढावासा वाटला नाही, तर नवल. आमच्या गावाखालून जाणारं पाणीच पुढं कामरेजवरून जातं. वरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याकडे नदीकाठच्या गावांना इशारा येतो, आणि पुढं उकाई धरण भरलं की सुरतेचे लोक जागे राहतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाली तेव्हा प्रकाशातल्या कित्येक घरांतले फोन रात्रभर चालू होते, कारण नंदुरबार जिल्ह्यातलं कुणी ना कुणी तिकडं कामाला असतंच. पद्रक गाव मी पाहिलेलं नाही, पण त्याचं कामरेज माझ्या नदीवरचं आहे.

आता वर्षाचं. ४९० म्हणजे कलचुरी संवत. हा संवत इ.स. २४८-४९ पासून मोजतात, आणि नाशिक, खानदेश, दक्षिण गुजरात या पट्ट्यात कित्येक शतकं जमिनीची दानपत्रं त्यावर चालली. मूळ संवताचं वर्ष आणि इंग्रजी वर्ष एकमेकांवर नीट बसत नाहीत, म्हणून अभ्यासक हे वर्ष ७३८-३९ असं जोडून लिहितात. ज्यानं महसुलात काम केलंय त्याला याचं काही वाटत नाही. आमचंही वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं, आणि जानेवारीत कुणी 'यंदा' म्हणालं की आधी विचारावं लागतं, कुठलं यंदा.

हा पत्रा जगापुढं आणला तो जुनागढच्या पंडित भगवानलाल इंद्रजींनी. १८८६ साली व्हिएन्नाला प्राच्यविद्येची परिषद भरली, तिथल्या कामकाजात त्यांचा या चालुक्य लेखांवरचा निबंध छापला गेला. पुढं म. म. वा. वि. मिराशींनी कलचुरी-चेदी संवताचे सगळे लेख एकत्र करून मोठा ग्रंथ केला, तो १९५५ साली निघाला. शहाद्याकडच्या संस्कृतच्या एका निवृत्त सरांना शेजारी बसवून मी त्यातला हा लेख वाचून घेतला. सरांना अलंकार आवडायचे आणि मला चतुःसीमा, त्यामुळे आमचं बरं जमलं.

दानपत्रांची भाषा एकदा कळली की ती सगळीकडे ओळखू येते. गाव करांसकट दिलं, असं लिहायचं. राजाच्या शिपायांनी आणि हुजऱ्यांनी तिथं पाऊल ठेवू नये, असं लिहायचं. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालेल, असं लिहायचं. जमीन देणारा साठ हजार वर्षं स्वर्गात राहतो आणि हिसकावणारा तितकीच वर्षं नरकात, हे तर जवळपास प्रत्येक पत्र्यावर. वाचताना मला हटकून वाटायचं, ही शिक्षा एवढी मोठी लिहावी लागली, म्हणजे हिसकावण्याचं प्रमाणही तसंच असणार. आमच्याकडे इनाम जमिनींचे जे दावे चालतात ते पाहिलेल्या माणसाला या शापाचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

या साच्याच्या आधी वंशावळ आणि पराक्रम येतो. पुलकेशी कुणी स्वतंत्र राजा नव्हता. बदामीच्या चालुक्यांची एक पाती नवसारीला होती. बदामीचा पहिला विक्रमादित्य याचा धाकटा भाऊ धराश्रय जयसिंह, त्याच्याकडे लाट देश म्हणजे दक्षिण गुजरात दिलेला; त्याचे मुलगे एकामागून एक तिथं कारभार पाहत होते, आणि पुलकेशी हा त्यांतला शेवटचा. लढाईच्या वेळी बदामीच्या गादीवर दुसरा विक्रमादित्य होता.

ताजिक फौजेनं तुडवलेल्या मुलखांची नावं पत्र्यावर ओळीनं आहेत: सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर. सिंध, कच्छ, काठेवाड, चावड्यांचा मुलूख, राजस्थानकडचे मौर्य, आणि गुर्जर. सगळा लेख कवीच्या थाटात असला, तरी ही यादी हवेतली नाही. बलाधुरी हा बगदादचा इतिहासकार, नवव्या शतकातला. त्यानं सिंधचा सुभेदार जुनैद याच्या स्वाऱ्यांची यादी दिली आहे, तिच्यात भडोच आहे, उज्जैन आहे, माळवा आहे, भिनमाळ आहे. त्या स्वाऱ्या ७२३ नंतरच्या काही वर्षांतल्या. जुनैदनंतर अरबांना मिळवलेलं बरंचसं सोडावं लागलं, हेही तोच सांगतो; कच्छ सोडून बाकीचा मुलूख उलटला, तेव्हा पुढचा सुभेदार हकम यानं आपल्या माणसांच्या आसऱ्यासाठी 'महफूजा' नावाचं गावच वसवलं. नवसारीचं नाव त्याच्या पुस्तकात नाही. हरलेल्या लढाया दप्तरात सापडत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे.

दुसरा पुरावा भडोचच्या गुर्जरांचा. त्यांच्या चौथ्या जयभटाचा संवत ४८६ चा ताम्रपट आहे, म्हणजे नवसारीच्या आधी तीन-चार वर्षांचा. त्यात त्यानं वलभीच्या राजाच्या नगरात ताजिकांना हरवल्याचं लिहिलंय. म्हणजे वलभी, मग भडोचचा शेजार, मग नवसारी. फौज किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सरकत होती.

आणि नवसारी पडली असती तर? इथं मी पत्रा बाजूला ठेवतो आणि रस्त्यावर येतो, कारण हा रस्ता मला पाठ आहे. दक्षिणेत शिरायला गुजरातेतून हत्ती-घोडे-सामान चढवता येईल अशा वाटा थोड्या. एक म्हणजे बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर आणि मग कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळ्याकडं. आजचा सुरत-धुळे हमरस्ता त्याच वाटेनं जातो. ट्रक घाटात तापले की अजून तिथंच थांबतात. तापीच्या काठाकाठानं वर यायचं तर खानदेश आणि सुरत यांच्या मध्ये दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येतात आणि पूर्वी तिथं दाट जंगल होतं, त्यामुळे मोठ्या फौजेला ती वाट अवघड. पण दोन्ही वाटा वर येऊन पोहोचतात त्या खानदेशातच.

ही वाट त्या काळी चालती होती याला कागद आहे. साक्री तालुक्यातल्या कासारे गावी सेंद्रक राजा अल्लशक्ती याचा ताम्रपट सापडला, संवत ४०४ चा, म्हणजे इ.स. ६५३ च्या सुमाराचा. याच अल्लशक्तीचा दुसरा पत्रा सुरत जिल्ह्यातल्या बगुम्राला मिळाला, तो ४०६ चा. एक राजा दोन वर्षांच्या अंतरानं घाटाच्या वर जमीन देतो आणि घाटाच्या खालीही देतो. हद्दी घाटावर तुटत नव्हत्या. या सेंद्रकांचाच पुढचा एक पत्रा चाळीसगाव तालुक्यातल्या मुंदखेड्याचा, शके ६०२ चा. म्हणजे नवसारीच्या लढाईला खानदेश परका नव्हता. तो तिच्या मागचं अंगण होता.

मग ७३९ साली प्रकाशात काय होतं? गावच्या टेकाडाला विचारायचं तर ते उत्तर देतं, पण वर्षाचं देत नाही. १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथं, तापी आणि गोमाईच्या संगमाजवळच्या टेकाडात, उत्खनन केलं. गावात जुनी माणसं त्या खड्ड्यांबद्दल बोलायची. सरकार सोनं शोधतंय, अशी खात्री बऱ्याच जणांना होती. निघाली ती खापरं. थापरांनी वस्तीचे चार काळ लावले. सगळ्यात खाली ताम्रपाषाण युग, इसवी सनाच्या आधीचं दुसरं सहस्रक, माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगवलेली भांडी. त्यावर लोखंड वापरणारी, काळी-तांबडी भांडी करणारी माणसं. त्यावर सातवाहनांच्या आगेमागे चालणारा काळ. आणि सगळ्यात वरचा, चौथा काळ, जो अकराव्या शतकापर्यंत येतो. ७३९ हे वर्ष या चौथ्या थरात कुठंतरी आहे.

पण थर शतकांत बोलतो. मातीत एका वर्षाची चूल, त्याच्या पुढच्या वर्षाची चूल, असं वेगळं काढता येत नाही. त्या वर्षी संगमावर कोण नावाड्या होता, गहू कसा आला, खालून पळून आलेली कुटुंबं इथं थांबली का, यातलं काही थापरांच्या अहवालात नसणार आणि नाहीही. ताम्रपट नेमकं वर्ष देतो, पण राजा आणि दान घेणारा यांच्यापलीकडं माणूस देत नाही. टेकाड सगळी माणसं देतं, वर्ष देत नाही. थापरांचं खोदकाम आणि मिराशींचा ग्रंथ एकाच सुमाराला, १९५५ च्या आगेमागे झाले, म्हणजे आमच्या नदीची ही दोन्ही दप्तरं एकदमच उघडली गेली. ती एकमेकांना जोडणारं तिसरं दप्तर अजून कुठं मिळालेलं नाही.

प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर, संगमेश्वर अशी देवळं आहेत, गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी गौतमेश्वराची मोठी यात्रा भरते. पाहुणे येतात आणि विचारतात, देवळं त्या काळातली का? आज उभी असलेली देवळं मी त्या वर्षात नेऊन बसवणार नाही. तीर्थ जुनं असेल. बांधकामाचा दाखला वेगळा मागावा लागतो. नोंद नसताना 'पूर्वापार' लिहायला मी शेतकऱ्यालाही कधी दिलं नाही. "आप्पा, मन्हा आजाना टाइमपासूनचं शे," असं म्हणत लोक यायचे, आणि मी त्यांना म्हणायचो, आजोबांचा फेरफार दाखवा.

जगात तेव्हा काय चाललं होतं, हे थोडक्यात. दमास्कसच्या उमय्या घराण्याचा खलिफा हिशाम गादीवर होता आणि त्याचं राज्य सिंधपासून स्पेनपर्यंत पसरलेलं होतं. ७३२ मध्ये फ्रान्सातल्या प्वातियेजवळ चार्ल्स मार्टेलनं त्याच्या एका फौजेला अडवलं. ७३९ मध्ये रोमचा पोप तिसरा ग्रेगरी याच चार्ल्सला पत्र पाठवून मदत मागत होता, पण ती अरबांविरुद्ध नव्हे, शेजारच्या लोंबार्डांविरुद्ध. ७४० मध्ये अक्रोइनॉनला बायझंटाइन सम्राटानं अरबांची आणखी एक फौज मोडली, आणि त्याच साली उत्तर आफ्रिकेत बर्बर लोक खलिफाविरुद्ध उठले. एवढा पसारा एकाच वेळी सगळीकडं ताणला गेला होता. नवसारीची लढाई त्या ताणाचं पूर्वेकडचं टोक. प्वातियेवर युरोपात ग्रंथांमागून ग्रंथ निघाले. नवसारीचं नाव आमच्या शाळेच्या पुस्तकात मला कधी दिसलं नाही, आणि सुरतेला नोकरीला असलेल्या पुतण्यानंही ऐकलेलं नव्हतं.

आता लढाईचं वर्णन. लिहिणाऱ्यानं ते मन लावून केलंय. बाण, गदा, रक्त, आणि सारखे वाजणारे नगारे. त्या नगाऱ्यांच्या तालावर मुंडकी तुटलेली धडं गोल गोल नाचतात, आणि कशाच्या आनंदानं, तर या एका जन्मात का होईना, धन्याचं ऋण आपण आपलं डोकं देऊन फेडलं म्हणून. संस्कृतच्या सरांना ही कल्पना फार आवडली. मला ती वाचून जरा थंडी भरली. हा लेख जमीन देण्याचा आहे; सावकारी आणि कर्ज ज्या भाषेत मोजतात त्याच भाषेत त्यात मरण मोजलंय. मेलेल्यांतल्या एकाचंही नाव त्यात नाही. शत्रूच्या सेनापतीचं नाव नाही, फौज किती ते नाही, लढाई नदीच्या काठी झाली की गावकुसाला, तेही नाही. पंचनामा म्हणून हा कागद कुठल्याही तहसीलदारानं शेरा मारून परत पाठवला असता.

मात्र जिंकल्यावर काय मिळालं ते सविस्तर आहे. वल्लभ राजानं, म्हणजे विक्रमादित्यानं, खूश होऊन चार बिरुदं दिली: दक्षिणापथसाधार, चलुक्किकुलालंकार, पृथ्वीवल्लभ, आणि अनिवर्तकनिवर्तयिता. शेवटच्याचा अर्थ, मागं न फिरणाऱ्यांना मागं फिरवणारा. पाठीमागून कुमक आली का, घोडे किती पाठवले, याचा शब्द नाही. खुद्द विक्रमादित्याचं सारं लक्ष दक्षिणेत होतं. त्याचे खरे वैरी कांचीचे पल्लव. कांची जिंकल्याच्या आठवणीसाठी त्याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, पट्टदकलला विरूपाक्षाचं भव्य देऊळ बांधवलं, ते आजही उभं आहे. कांचीला दगडी देऊळ आणि नवसारीला चार शब्द. बदामीच्या दरबारात कुठली लढाई मोठी समजली जात होती, ते यावरून कळतं. आज भाषणांत नवसारीच्या नावानं 'परकीय आक्रमण थोपवलं, देश वाचवला' असं ऐकू येतं. थोपवलं हे खरं. पण ज्यांनी थोपवलं ते एकमेकांना देशबांधव समजत होते, याला पत्र्यावर आधार नाही.

या लढाईनंतर पुलकेशी आणि त्याची पाती दोन्ही नोंदींतून गायब होतात. त्यांचा पुढचा पत्रा मिळालेला नाही. त्याऐवजी शके ६६३, म्हणजे इ.स. ७४१-४२ चा एक ताम्रपट वेरूळचा मिळतो, राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा. तेव्हा तो अजून चालुक्यांचा मांडलिकच. या पत्र्यानं त्यानं गाव दिलं ते चंदनपुरी चौऱ्यांशीतलं पिप्पलाल. चंदनपुरी म्हणजे मालेगावजवळची, खंडोबाची. आणि दान घेणारे ब्राह्मण कुठले, तर नवसारीचे. काही अभ्यासकांनी यावरून दंतिदुर्ग स्वतः नवसारीच्या लढाईत होता असा तर्क केला आहे. तो खरा असेलही. मला त्यात दुसरंही दिसतं: लढाईनंतर दोन-तीन वर्षांतच नवसारीच्या माणसांना घाटाच्या वर, मोसम-गिरण्याच्या खोऱ्यात जमीन मिळते. त्यांनी गाव सोडलं की नुसतं उत्पन्न खाल्लं, ते पत्रा सांगत नाही. पुढं दहा-बारा वर्षांत याच दंतिदुर्गानं बदामीच्या चालुक्यांना गादीवरून खाली खेचलं, आणि ७५७ साली दक्षिण गुजरातेत दान देणारा राजा राष्ट्रकूट घराण्यातला कर्क होता. चंद्र-सूर्य असेपर्यंतचं दान ज्यानं दिलं त्याचं राज्य वीस वर्षंही टिकलं नाही. पद्रक त्या ब्राह्मणाच्या घराण्याकडं राहिलं की गेलं, ते कळायला पुढचा फेरफार हवा.

आणि ताजिकांचं काय झालं? फौज परत गेली, पण माणसं येत राहिली, ती गलबतांतून. नवव्या-दहाव्या शतकातले अरब प्रवासी राष्ट्रकूट राजाला 'बल्हरा' म्हणतात, म्हणजे वल्लभराज, आणि अरबांना इतकं चांगलं वागवणारा हिंदुस्थानात दुसरा राजा नाही असं लिहितात. याचा घरचा पुरावा पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांत आहे. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या वेळचा. त्यात संजाणच्या मंडलाचा अधिकारी आहे मधुमती नावाचा, दुसरं नाव सुगतिप, जात ताजिक. मधुमती म्हणजे महंमद. दुसऱ्या कृष्णानं त्याला तिथं नेमलं होतं. एका ब्राह्मणानं देवीसाठी मठिका बांधली, तिच्या खर्चासाठी या ताजिक अधिकाऱ्याच्या हातून गाव आणि जमीन लावून दिली गेली, तसाच संस्कृत लेख, तोच चंद्र-सूर्याचा साचा. त्याच्या कारभाराचं कौतुकही त्यात आहे, आणि ते लढाईचं नाही. दोन खाड्यांवर त्यानं फुकट नावा चालवल्या, आणि एक अन्नछत्र काढलं, तिथं येणाऱ्याला साळीचा भात, कालवण आणि तूप मिळायचं.